अपंगांचे स्वावलंबन : दानापासून रोजगारापर्यंतची वाटचाल

माषतुष मुनींची कथा जैन घरांतून पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. दीक्षा घेतलेल्या या मुनींच्या स्मरणात शास्त्राचे एक पदही टिकत नसे. तेव्हा गुरूंनी त्यांना एकच लहानसे वाक्य दिले. कोणावर रोष धरू नये, कशाने हर्षून जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. तेही मुनींना नीट आठवेना. घोकता घोकता शब्द बदलले आणि उडीद व उडदाची साल अशा अर्थाचे काही तरी त्यांच्या ओठी बसले. ऐकणारे हसत. मुनी मात्र वर्षानुवर्षे श्रद्धेने तेच घोकत राहिले आणि त्या साधनेतून त्यांना केवलज्ञान झाले. दिगंबर परंपरेत हीच कथा शिवभूती मुनींच्या नावाने येते.

प्रवचनांत ही कथा श्रद्धेचे माहात्म्य सांगण्यासाठी येते आणि ते योग्यच आहे. परंतु कथेतील गुरूंकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यांनी मंदबुद्धी शिष्याला संघाबाहेर काढले नाही आणि तीव्र बुद्धीच्या शिष्यांबरोबर धावायलाही लावले नाही. त्याला पेलेल एवढेच दिले आणि त्यासाठी लागेल तितका काळ जाऊ दिला. आज विशेष मुलांच्या शाळेतील शिक्षक जे करतात ते याहून फारसे निराळे नाही.

घरात असे मूल जन्मले की ‘पूर्वकर्म’ हा शब्द उच्चारला जातो आणि पुष्कळदा विषय तेथेच संपतो. वास्तविक ज्ञानावरणीय कर्माचा सिद्धांत विषय संपवण्यासाठी सांगितलेला नाही. आवरण दाट असो वा विरळ, आत्म्याचे ज्ञानस्वरूप सर्वांचे सारखेच. आवरण कितीही दाट झाले तरी ज्ञानाचा अत्यल्प अंश सदैव उघडा राहतो, असे शास्त्रकारांचे म्हणणे आहे. निगोदातील जीवालाही जे नाकारलेले नाही, ते आपल्याच अंगणातील मुलाला नाकारण्याचा अधिकार श्रावकाला कोठून आला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

विदर्भात कापसाच्या व धान्याच्या व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या जैन कुटुंबांत मुलाला धंदा शिकवण्याची एक ठरलेली रीत होती. पेढीवर पहिल्यांदा आलेल्या मुलापुढे कोणी खतावणी उघडीत नसे. आधी गादी झाडणे, पाणी भरणे. मग वजने पुसणे, पुड्या बांधणे. मग तागडीशी उभे राहणे. मग मुनिमाबरोबर वसुलीला हिंडणे. आणि काही वर्षांनी रोजमेळ. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी नाही. शिकवणारा शेजारीच बसलेला असे आणि चूक झाली की तेथल्या तेथे सुधारी. एखादा मुलगा दुसऱ्याच पायरीवर थांबला तरी एकत्र कुटुंबाच्या दुकानात त्याला जागा असे. तो आयुष्यभर पुड्या बांधी, सकाळी कुलूप काढी, गिऱ्हाइकाला पाणी देई. घरच्या ताटावर त्याचा हक्क होता, आणि गावालाही तो ‘अमक्या दुकानातला’ म्हणून ठाऊक असे.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची उणीव झाकून चालणार नाही. अशा माणसाला पगार नव्हता, त्याच्या नावावर काही नव्हते. मुलींना तर ही पुड्या बांधण्याची जागाही नव्हती. त्या माजघरातच वाढल्या आणि तेथेच संपल्या. भाऊ विभक्त झाले की तो कोणाच्या वाट्याला, हा प्रश्न भांडीकुंडी वाटताना निघे. तरीही काम शिकवण्याची एक पद्धत समाजाच्या हाती होती, एवढे निश्चित. पुढे विशेष शिक्षणाच्या शास्त्राने जी गोष्ट पुन्हा नव्याने शोधली, ती हीच.

समाजाने एखाद्या अपंग तरुणाला नीट तयार केले तर काय घडू शकते, याचे जैन समाजातील सर्वांत तेजस्वी उदाहरण पंडित सुखलालजी संघवी यांचे आहे. सौराष्ट्रातील लिमली या खेड्यात १८८० साली त्यांचा जन्म झाला. व्यापारी कुटुंबातील हा मुलगा पुढे दुकानच सांभाळणार हे ठरल्यासारखे होते. सोळाव्या वर्षी देवीच्या साथीत त्यांची दृष्टी गेली. त्या काळी अंध मुलाचे पुढे काय होई हे सांगायला नको. गावात येणाऱ्या साधू-साध्वींजवळ बसून त्यांनी स्तवने, सूत्रे, जे कानी पडेल ते मुखोद्गत करण्यास आरंभ केला. पुढे काशीला विजयधर्मसूरी यांच्या प्रेरणेने यशोविजय जैन पाठशाळा सुरू झाल्याचे कळताच १९०४ साली ते तेथे गेले. तेथे व्याकरण, न्याय, साहित्य यांचे अध्ययन झाले. नव्यन्यायाच्या अभ्यासासाठी ते मिथिलेपर्यंत जाऊन आले.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की पाठशाळेने त्यांच्यासाठी निराळा, सोपा अभ्यासक्रम केला नाही. ग्रंथ तेच, गुरू तेच. फक्त वाचून दाखवणारा कोणी तरी सोबत लागे आणि तो मिळत गेला. पुढेही आयुष्यभर त्यांचे काम वाचकाच्या साहाय्याने चालले. दुसऱ्याचे डोळे आणि त्यांची प्रज्ञा असा तो योग होता. गुजरात विद्यापीठात पंडित बेचरदास दोशी यांच्यासह त्यांनी ‘सन्मतितर्क’ या अवघड ग्रंथाचे संपादन केले. १९३३ ते १९४४ या काळात ते काशी हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे प्राध्यापक होते, म्हणजे वेतन घेणारे, जबाबदारीचे पद सांभाळणारे अध्यापक. १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार व १९७४ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. १९७८ साली ते निवर्तले. पंडितजींची बुद्धी असामान्य होती आणि प्रत्येक अंध मुलगा सुखलालजी होणार नाही, हे उघड आहे. परंतु वाचकाची सोय झाली नसती तर सुखलालजीही सुखलालजी झाले नसते, हेही तितकेच उघड आहे.

अपंगांना काम देण्याचा विचार मोठ्या प्रमाणावर प्रथम रुजला तो मात्र कोणत्याही विद्यापीठात नाही, तर आपल्या विदर्भातील कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेला चंद्रपूर, उत्तरेला वर्धा व अमरावती. या तिन्ही जिल्ह्यांत पंधरा वर्षांच्या आतबाहेर तीन संस्था उभ्या राहिल्या. विनोबाजींचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. अमरावतीचे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ च्या सुमारास तपोवन वसवले. आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळरानावर बाबा आमटे यांनी १९५१ साली आनंदवनास प्रारंभ केला. सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाल्याचे विदर्भात मुलांनाही माहीत आहे.

त्या वेळचा प्रश्न आजच्या विशेष मुलांच्या प्रश्नाशी फार जवळचा होता. डॅप्सोनसारखी औषधे आल्यावर रोग बरा होऊ लागला होता. परंतु बरा झालेला माणूस घरी परत घेतला जात नव्हता आणि बोटे झडलेल्या हाताला कोणी मजुरी देत नव्हते. औषधाने रोग गेला, माणूस तेथेच राहिला. म्हणून आनंदवनात शेती आली, विहिरी आल्या, सुतारकाम, विणकाम, बांधकाम आले. ज्या हाताला बोटे नाहीत त्या हाताला धरता येईल असा अवजाराचा दांडा करावा लागतो. अवजार हाताप्रमाणे बदलायचे, हाताने अवजाराप्रमाणे बदलण्याची वाट पाहायची नाही, हा धडा तेथे प्रत्यक्ष कामातून मिळाला. केवळ भिक्षेवर पोसलेला माणूस आतून मोडतो, कामावर उभा राहतो, हा बाबांचा आग्रह पुढे सर्वत्र प्रसिद्ध झाला.

परंतु काम शिकणे हा अर्धाच भाग. आनंदवनात पिकलेली भाजी व तेथले दूध वरोऱ्यात प्रथम कोणी घेईना. माल चांगला होता. भीती माल पिकवणाऱ्या हातांची होती. पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, तेथल्या लोकांबरोबर त्यांनी विटा उचलल्या आणि तेथलेच अन्न खाल्ले. ते पाहिल्यावर गावाचा धीर हळूहळू चेपला आणि भाजी विकली जाऊ लागली. प्रशिक्षणाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात हा पाठ लिहिलेला नसतो. शिकलेल्या हाताला बाजार मिळवून द्यायचा असेल तर प्रतिष्ठित माणसाने सर्वांदेखत त्याच्याशी व्यवहार करावा लागतो. पुढे साठच्या दशकात आनंदवनाच्या भूमीवर महाविद्यालय उभे राहिले, अंध मुलांची शाळा निघाली. अस्थिव्यंग व अन्य अपंग तरुणांना व्यवसाय शिकवणारे संधिनिकेतन त्यानंतरच्या काळात नावारूपास आले. ज्यांना गावाने बाहेर ठेवले होते त्यांनीच गावाच्या मुलांसाठी महाविद्यालयाच्या भिंती बांधल्या.

जयपूर फूटचा उल्लेख या संदर्भात टाळता येणार नाही. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी हे कृत्रिम पाऊल घडवले. परदेशी बनावटीच्या पायाला बूट लागे. तो घालून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलात उतरता येत नसे. म्हणजे शेतकरी, मजूर, दुकानदार यांच्यापैकी कोणालाही तो घालून पोट भरता आले नसते. टायरला नवे रबर चढवण्याच्या कामावरून रामचंद्रजींना रबरी पावलाची कल्पना सुचली, असे सांगतात. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात, १९७५ साली, देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना करून हा पाय गरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचवला. समाजात या कार्याविषयी योग्य तो अभिमान आहे. त्यात थोडी भर घालायची तर अशी, की हा पाय यशस्वी झाला तो त्याच्या किमतीमुळे जितका, तितकाच पाय घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी काय काम करणार आहे याचा विचार त्याच्या घडणीतच असल्यामुळे.

शासनाच्या बाजूने पावले पडली, पण सावकाश. अपंगांसाठी पहिले विशेष सेवायोजन कार्यालय १९५९ साली मुंबईत निघाले. १९६८ साली मुंबई व हैदराबाद येथे व्यावसायिक पुनर्वसन केंद्रे सुरू झाली. पुढे नागपूरलाही असे केंद्र झाले. १९५२ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने अंधांना यंत्रावर काम करता येते हे दाखवून दिले आणि प्रसिद्ध क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी उद्योगपतींच्या ओळखी खर्ची घालून अनेक अंध-अपंगांना नोकऱ्या मिळवून दिल्या. १९७७ साली केंद्र शासनाने आपल्या कनिष्ठ श्रेणीतील पदांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखून ठेवल्या. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने त्यास कायद्याचे बळ दिले.

या तीन टक्क्यांची वाटणी मात्र पाहण्यासारखी होती. एक टक्का दृष्टिदोष असलेल्यांना, एक टक्का श्रवणदोष असलेल्यांना, एक टक्का अस्थिव्यंगांना. ज्याला तेव्हा कायद्यात ‘मतिमंद’ म्हटले होते, त्याचे नाव अपंगत्वाच्या व्याख्येत होते, नोकरीच्या वाटणीत नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने हे प्रमाण चार टक्के केले आणि बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार यांचा त्या वाटणीत प्रथमच समावेश झाला. तो कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९७७ पासून मोजली तर चाळीस वर्षे झाली. या चाळीस वर्षांत शाळेत गेलेली, अठरा वर्षांची होऊन शाळेतून बाहेर पडलेली आणि मग घराच्या ओट्यावर बसून राहिलेली मुले प्रत्येक गावात आहेत. आज ती चाळिशी-पन्नाशीची आहेत.

अशा मुलांसाठी शाळा महाराष्ट्रात फार आधीच निघाल्या होत्या. मुंबईत डॉ. होरमसजी वकील व तेहमिना वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने १९४४ साली जय वकील शाळा सुरू केली. पुण्यात सिंधुताई जोगळेकर यांनी १९६४ साली ‘कामायनी’ची स्थापना केली. शाळा चालू लागल्या, मुले मोठी झाली, आणि मग सर्वच संस्थांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : अठरा वर्षांनंतर काय? त्यातून शाळेला जोडून उद्योगकेंद्रे निघाली. पाकिटे, फायली, मेणबत्त्या, दिवाळीच्या पणत्या, राख्या, कागदी पिशव्या अशी कामे तेथे होऊ लागली. काही केंद्रांनी कारखान्यांकडून सुट्या भागांची जुळणी व वेष्टनाची कामे आणली.

या केंद्रांनी जे शिकले ते लिहून ठेवण्यासारखे आहे. काम अवघड नसते. कामाचा एकत्रित गोळा अवघड असतो. वीस उदबत्त्यांचे पाकीट करायचे तर ‘वीस मोज’ असे सांगून उपयोग होत नाही. लाकडाच्या पट्टीत वीस खाचा करायच्या. प्रत्येक खाचेत एक काडी ठेवायची. पट्टी भरली की वीस झाल्या. ज्याला पाचापर्यंतही मोजता येत नाही तोही मग वीसच्या वीस काड्या बिनचूक भरतो. अर्धा किलो डाळ मापायची तर काट्यावर जेथे काटा थांबला पाहिजे तेथे लाल रेघ ओढायची. आणि शिकवताना पुष्कळदा शेवटाकडून आरंभ करायचा. सर्व पाकीट शिक्षकाने करून द्यावे, मुलाने फक्त तोंड चिकटवावे. ते जमले की त्याआधीची पायरी, मग त्याच्याही आधीची. यात मुलाच्या हातून पहिल्या दिवसापासून काम ‘पूर्ण’ होते. आयुष्यभर ‘तुला जमणार नाही’ हेच ऐकलेल्या मुलाला पूर्ण झालेल्या कामाची चव लागणे ही साधी गोष्ट नाही.

आणखी एक अनुभव असा की नोकरी सुटते ती काम न जमल्यामुळे क्वचितच. ती सुटते वेळेवर न पोहोचल्यामुळे, बसचा फलक न ओळखल्यामुळे, गिऱ्हाइकाला मिठी मारल्यामुळे, डब्याची सुट्टी कधी संपली हे न कळल्यामुळे. म्हणून तयारी चौदा-पंधराव्या वर्षी सुरू व्हावी लागते आणि ती कारखान्यात नाही, घरात सुरू होते. सतराव्या वर्षीही शर्टाची बटणे आई लावत असेल, ताट वहिनी वाढून देत असेल, रस्ता बाबा ओलांडून देत असतील, तर त्या मुलाला यंत्र शिकवून उपयोग नाही. घरच्यांची माया खरी असते. तीच आड येते. नमस्कार कोणाला व कसा करायचा, दहाची नोट व शंभराची नोट यांत फरक काय, कोणी अनोळखी माणसाने चल म्हटले तर ‘नाही’ म्हणून मोठ्याने कसे सांगायचे, मासिक पाळीच्या दिवसांत मुलीने स्वतःची काळजी कशी घ्यायची, एसटीतील सवलतीचे कार्ड कोठे ठेवायचे, या गोष्टी शिकायला वर्षे लागतात. लागू द्यावीत.

उद्योगकेंद्रांची मर्यादाही काळाच्या ओघात दिसून आली. दिवाळी झाली की पणत्यांचे काम संपते. वस्तू चांगली असूनही ती कणवेने घेतली जाते आणि कणवेचे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. शिवाय मुलाचे सर्व जग त्या एका इमारतीपुरते राहते. अमेरिकेत १९७० ते ८० च्या दरम्यान काही शिक्षकांनी क्रम उलटा करून पाहिला. आधी प्रत्यक्ष दुकानात वा कारखान्यात जागा मिळवायची आणि मग तेथेच, त्या कामावरच, शेजारी उभे राहून शिकवायचे. भारतातील काही शहरांतही या पद्धतीने मुले आता उपाहारगृहांत, गोदामांत, कार्यालयांत काम करीत आहेत. जुन्या पेढीवरील शिक्षण ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

समाजात दानाची उणीव कधीच नव्हती. महावीर जयंतीला रुग्णालयात फळवाटप होते, तीनचाकी सायकली दिल्या जातात. वाढदिवसाला किंवा आप्ताच्या पुण्यतिथीला विशेष मुलांच्या शाळेत मिष्टान्न भोजन देण्याची प्रथा सर्वत्र आहे. मुलांना ते आवडते आणि त्यात गैर काही नाही. एक मात्र खरे की वर्षभरात अशी पुष्कळ जेवणे जेवलेल्या मुलाला त्याच दात्यांच्या दुकानात सकाळी दहा वाजता बोलावणारे थोडे निघतात. आहारदान, औषधदान, ज्ञानदान व अभयदान अशी दानाची चार रूपे जैन परंपरेने सांगितली. पहिली दोन सहज होतात. शाळा काढल्या, त्यामुळे तिसरेही झाले. अशा मुलांच्या आईबापांना रात्री झोप लागू देत नाही ती भीती एकच असते : आमच्या मागे याचे कसे होईल? अभयदानाचा संबंध या भीतीशी किती जवळचा आहे, याचा विचार फारसा झालेला नाही.

या भीतीची एक बाजू कायद्याची आहे आणि तीविषयी पुष्कळ कुटुंबे अनभिज्ञ असतात. अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल कायद्याने सज्ञान होते. आईवडीलही आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक व बहुविध दिव्यांगता यांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम झाला. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमून देते. दुसरी बाजू निवाऱ्याची. अनाथ व दिव्यांग मुलांना अठराव्या वर्षी बालगृह सोडावे लागते, हा नियम अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथील शंकरबाबा पापळकर यांनी कधीच मनापासून मान्य केला नाही. रेल्वे स्थानके, बसस्थानके व उकिरड्यांवर टाकून दिलेली दिव्यांग मुले त्यांनी अचलपूर तालुक्यातील या गावी आणून वाढवली, त्यांना आपले आडनाव दिले आणि त्यांच्याकडून माळावर झाडे लावून घेतली. ती झाडे सांभाळणे हेच तेथील अनेकांचे पहिले नियमित काम. २०२४ साली शंकरबाबांना पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांच्या आश्रमात वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी, जिला जन्मल्यावर रेल्वे स्थानकात टाकून देण्यात आले होते, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून लिपिक-टंकलेखक पदासाठी निवडली गेली. अमरावतीच्या अंध विद्यालयात ब्रेल लिपी, मग महाविद्यालय, मग वाचून दाखवणारे व परीक्षेत लिहून देणारे साहाय्यक असा तिचा प्रवास झाला. काशीच्या पाठशाळेतील वाचकाची येथे पुन्हा आठवण होते.

शासकीय पदे मोजकी असतात आणि तेथपर्यंत पोहोचणारी मुलेही मोजकीच. २०१६ च्या कायद्यातील आरक्षण शासकीय आस्थापनांना लागू आहे. खासगी दुकानदारावर वा कारखानदारावर तशी सक्ती नाही. यवतमाळच्या वेशीवरील लोहारा हे आता केवळ खेडे राहिलेले नाही. औद्योगिक वसाहत आली, डेनिमचा मोठा कारखाना आला, शहराची वस्ती येऊन भिडली. येथील समाजबांधवांच्या हाती किराणा, कापड, धान्य, औषधे, हार्डवेअर अशी दुकाने व लहानमोठे उद्योग आहेत. अशा प्रत्येक ठिकाणी खाचांच्या पट्टीने होणारी कामे असतात. रिकाम्या पिशव्या उघडून ठेवणे, मापलेल्या डाळीच्या पिशव्यांना मोहोर लावणे, कापडाचे ठाण घडी करून रंगाप्रमाणे लावणे, नटबोल्ट आकाराप्रमाणे वेगळे करणे, औषधांच्या रिकाम्या खोक्यांची रचना करणे. ही कामे आज कोणी तरी करतोच, आणि बहुधा कंटाळून, मन नसताना करतो. विशेष मुलांचे शिक्षक सांगतात की ठरलेल्या क्रमाचे, रोज तेच असलेले काम या मुलांपैकी अनेकांना त्रासाचे वाटत नाही. क्रम मोडला तरच ती अस्वस्थ होतात.

अशा तरुणाला कामावर घेण्याची रीतही अनुभवाने ठरत गेली आहे. पहिल्या आठवड्यात दोनच तास आणि एकच काम. विशेष शिक्षक किंवा घरचे कोणी त्याच्या शेजारी उभे राहते. मालकाने शिकवण्याची गरज नसते. दुकानातील एका नोकराला ‘हा याचा माणूस’ म्हणून नेमून द्यायचे, म्हणजे काही अडले तर कोणाकडे जायचे हे मुलाला ठाऊक असते. सूचना एका वेळी एकच द्यायची, आणि दाखवून द्यायची. चूक झाली तर हसायचे नाही व रागवायचेही नाही. काम पुन्हा करून दाखवायचे. पगार ठरलेल्या दिवशी, त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात किंवा त्याच्या हातात द्यायचा. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र जिल्हा रुग्णालयामार्फत आधीच काढून ठेवायचे. महिना-दीड महिन्याने काम बसले की शिक्षक आठवड्यातून एकदा येऊन पाहतो, पुढे महिन्यातून एकदा, आणि नंतर काही अडचण आली तरच.